घर सोडण्याचे बळ



पावसाळा तोंडावर आला की नदीकाठच्या आणि डोंगराकडेच्या गावांतून एक प्रश्न हमखास निघतो. कीर्तनानंतर पारावर बसलेले एखादे वडीलधारे माळकरी विचारतात, "आमचा सगळा भार पांडुरंगावर. मग पूर यायच्या आधीच कागदपत्रांची पिशवी बांधून ठेवा, आठ दिवसांचे पीठमीठ माळ्यावर टाका, पाणी अमुक फुटांवर आले की निघा, ही आधीपासूनची बांधाबांध म्हणजे देवावरचा अविश्वासच नव्हे का?" हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. ज्याने आयुष्यभर एकादशी मोडली नाही त्याच्या तोंडून तो येतो. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही, आणि सरकारी पत्रकातल्या सूचना वाचून दाखवून त्याचे समाधानही होत नाही. त्या सूचना चांगल्याच असतात. पण पिशवीत काय भरावे हे त्याने विचारलेलेच नाही. मुळात ती भरावी का, एवढेच तो विचारतो आहे.

आधी आपल्या वारीकडेच पाहू. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. त्याआधी कितीतरी दिवस दिंडीवाल्यांची धावपळ चाललेली असते. तंबू तपासायचे, ट्रक ठरवायचा, पाण्याचा टँकर बघायचा, शिधा भरायचा, गोळ्या-औषधे घ्यायची, वारकऱ्यांची नावनिशी लिहायची. दिवेघाटात पाऊस गाठू शकतो हे जुन्या वारकऱ्याला ठाऊक असते, म्हणून प्लास्टिकचा कागद घरूनच पडशीत घातलेला असतो. मुक्कामावर पोचलो की आपल्या दिंडीतले कोणी मागे राहिले का, याची विचारपूस होते. या सगळ्याला कोणी अविश्वास म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट दिंडीची व्यवस्था पाहणाऱ्याला आपण सेवेकरी म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो. वीस दिवसांच्या वाटेवर जी सेवा ठरते, तीच उरलेल्या अकरा महिन्यांत घराच्या उंबऱ्याआत अविश्वास कशी ठरते, हे कोडे मला काही सुटलेले नाही.

देवाच्या घरीही हीच रीत आहे. परकीय स्वाऱ्यांच्या काळात सेवेकऱ्यांनी विठ्ठलमूर्ती पंढरपुराबाहेर नेऊन जपली, ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो. देव समर्थ आहे, तो आपले पाहून घेईल, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी दत्तमंदिरात शिरू लागले की उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामी मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. गाभाऱ्यातून पाणी वाहून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्याचा सोहळा मानतात, स्नान करतात. म्हणजे पाण्याला नमस्कारही झाला आणि मूर्ती वर नेणेही झाले. दोन्ही करणारे हात तेच, श्रद्धाही तीच. देवाची मूर्ती पाणी चढताना वर न्यायची आणि घरातली अंथरुणाला खिळलेली आजी मात्र देवाच्या भरवशावर खालच्या खोलीत ठेवायची, असा न्याय कुठल्या संताने सांगितला आहे?

आता प्रारब्धाची शंका. व्हायचे ते होणारच, कपाळी लिहिलेले चुकत नाही. सज्जनहो, प्रारब्ध खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते कळते मागाहून. घटना होऊन गेली की माणूस म्हणतो, प्रारब्धात होते. घटना घडण्याआधी आपल्या हाती फक्त कर्तव्य असते. दुसरे असे की माझे प्रारब्ध मी एक वेळ माझ्यापुरते मानीन. पण माझ्या नातवाचे प्रारब्ध वाचण्याचा अधिकार मला कोणी दिला? सून, लेकरे, दावणीची जनावरे आणि उद्या पुरात बोट घालून मला काढायला येणारा कोण्या आईचा मुलगा, या सर्वांना मी माझ्या निश्चयात न विचारता ओढत असतो. आपल्या जिवाचा भार देवावर टाकता येतो. दुसऱ्याच्या जिवाचा भार त्याला न विचारता देवावर टाकणे याला शरणागती म्हणत नाहीत.

काही जण याही पुढे जातात आणि म्हणतात, आपत्ती म्हणजे गावाच्या पापाचे फळ. हे बोलणे मला फार कठोर वाटते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची लातूर-धाराशिवकडची गावे हादरली आणि सुमारे १०,००० माणसे गेली. त्यांत तान्ही बाळे होती. त्यांचे कोणते पाप? दोन-तीन हात रुंदीच्या, दगड आणि मातीत रचलेल्या भिंती. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जाड माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्या माळवदावर मातीचा थर चढत गेलेला. भिंत फुटली आणि तो सगळा भार निजलेल्यांवर आला. धरणी हलली ती काही क्षण. जीव घेतला तो घराच्या बांधणीने. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान धक्के जाणवले होते. पण तेव्हा घर हलके करावे, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड घालावेत, भिंतीभोवती पट्टा बांधावा, हे गरीब शेतकऱ्याला सांगणार कोण आणि करायला पैसा देणार कोण? पापाची चर्चा करायचीच असेल तर तिथून सुरू करावी. निजलेल्या बाळांपासून नको.

तुकोबारायांचे एक चरणही लोक पुढे करतात. देवाने ठेवले तसे राहावे, चित्ती समाधान असावे, अशा अर्थाचे. ते चरण मनाच्या समाधानाविषयी आहे. पुराच्या पाण्यात पाय रोवून उभे राहावे असे त्यात कुठेही नाही. आणि ते ज्यांच्या मुखातून आले त्यांनी १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ अंगावर घेतला होता, पहिली पत्नी अन्नावाचून गेलेली पाहिली होती. संकट म्हणजे काय हे त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक होते. दुष्काळाचीच दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. त्यांनी बादशाही कोठार उपाशी लोकांसाठी उघडले, आणि विठोबाने महाराचे रूप घेऊन त्या धान्याचे मोल भरले. कथेत आपण देवाच्या धावण्यावर रंगून जातो, ते योग्यच आहे. पण कोठारात धान्य होते म्हणून तर ते उघडता आले! सुगीत कोणीतरी ते साठवले होते. साठवणे हे पाप नाही. दारात भुकेला उभा असताना कुलूप न काढणे हे पाप. जनाबाईंच्या जात्याला देवाने हात लावला तेव्हाही जनाबाई आधी जात्याशी बसलेल्या होत्या.

यावर एखादा अभ्यासू वारकरी गोरोबाकाकांचे नाव काढील, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही. नामात भान हरपले, चिखल तुडवता तुडवता पोटचे पोर पायाखाली गेले, तरी देवाने ते परत दिले. मग आम्हीही नामात राहू, तो सांभाळील! माउली, ती कथा ऐकताना डोळ्यांत पाणी येते ते गोरोबाकाकांच्या अवस्थेमुळे. ती अवस्था आपली आहे का, हे आपण आपल्याशीच विचारावे. त्यांचे भान हरपले होते. आपण भान ठेवत नाही. मोबाईलवर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप येतो, तो वाचूनही आपण बाजूला सारतो. तेव्हा आपण नामात नसतो, टीव्हीपुढे असतो. आपल्या निष्काळजीपणाला गोरोबाकाकांच्या समाधीचे पांघरूण घालणे हा त्यांचाच अपमान आहे.

मग खरी अडचण कुठे आहे? जे म्हणायला मी हा लेख लिहिला ते आता सांगतो. पाणी चढत असताना माणसाला घरात धरून ठेवते ती बहुतेक वेळा श्रद्धा नसते, आसक्ती असते. श्रद्धेचे नाव तिला मागाहून मिळते.

ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर घ्या. सांगलीला आयर्विन पुलाशी इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या पुरात ते ५३ फुटांच्या घरात होते. त्यामुळे कित्येकांनी २००५ ची खूण प्रमाण मानली. तेव्हा आमच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागले नव्हते, आताही लागणार नाही, म्हणून ते थांबले. थांबण्यामागे आणखीही होते. मागे चोरी होईल. नवा फ्रिज, सोफा, लेकीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी. पाहुण्यांच्या दारात किती दिवस राहायचे याची लाज. शाळेत सतरंजीवर कसे झोपायचे. हे सारे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. पण पांडुरंगाच्या नावावर ते खपवू नये. तुळशीची माळ गळ्यात घालताना आपण म्हणतो की हे घर माझे नाही, हा देहही माझा नाही. त्या म्हणण्याची परीक्षा पाणी चाळीस फुटांवर आले की होते. ज्याला कपाटाकडे एकदा पाहून, दाराला कडी लावून, रस्ता कोरडा असतानाच ट्रॅक्टरमध्ये बसता येते, त्याने वैराग्याचा एक पाठ तरी नक्की केला आहे.

उशीर झाला की काय होते तेही त्याच पुराने दाखवले. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. बायाबापड्या आणि लेकरे बुडाली. यात त्या गावाला दोष देण्याचा हेतू नाही; असा प्रसंग कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठी कुठल्याही गावावर येऊ शकला असता. मात्र जे अंतर दोन दिवस आधी चालत कापता येते, तेच पुढे ओढीच्या पाण्यातून भरल्या बोटीने कापावे लागते. पाणी किती फुटांवर आले की निघायचे, हे शांत डोक्याने वैशाखातच ठरवावे. पाणी उंबऱ्याला लागल्यावर घरात ठरते ते भीतीने किंवा मोहाने.

जनावरांची गोष्ट वेगळी, आणि इथे मी थांबणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पुरात घर सोडायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले तर तो सांगतो, "गाय बांधलेली टाकून कुठं जाऊ?" याला मोह म्हणायला माझी जीभ उचलत नाही. एकनाथ महाराजांनी काशीहून आणलेले गंगोदक तहानेल्या गाढवाच्या मुखात घातले, त्या परंपरेतला तो माणूस आहे. त्याला उपदेश करण्यापेक्षा त्याची गाय आधी हलवावी. माणसांच्या आधी जनावरे, तीही पाऊस लागून राहिला की लगेच, उंचावरच्या पाहुण्यांच्या गोठ्यात. बरोबर चार दिवसांची वैरण. गाय सुखरूप आहे हे कळले की म्हातारा आपसूक काठी उचलतो. आणि ते जमलेच नाही, तर निघताना दावे सोडावे. बांधलेले जनावर जागीच बुडते, सुटे असले तर पोहून उंचवटा तरी गाठते.

डोंगराची तऱ्हा आणखी निराळी. नदी फूट मोजायला वेळ देते, कडा देत नाही. माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी गेले, तळिये २२ जुलै २०२१ ला, आषाढीनंतर दुसऱ्याच दिवशी आलेल्या द्वादशीच्या पुढे, त्रयोदशीला. आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. अशा ठिकाणी आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे जमीन. घराच्या वरच्या अंगाला नवी भेग पडली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, कालपर्यंत लागणारे दार चौकटीत अडकू लागले, आणि वर पावसाची झड सुटलेली नाही, तर त्या रात्री तिथे निजू नये. खाली सपाटीला, ओढ्याच्या वाटेपासून दूर असलेल्या घरी जावे. सात वेळा उठून गेलो आणि काहीच झाले नाही, तर सात रात्री कोणाच्या तरी ओसरीवर हरिपाठ झाला असे समजावे. यात हरलो काय?

पंढरीलाही हे शिकण्याजोगे आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात लखलखीत ऊन असते आणि नदी मात्र वाढत असते. नवख्याला याचे आश्चर्य वाटते. पाऊस पडलेला असतो तो वर, मावळात, भीमाशंकराच्या बाजूला. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, ते पाणी उजनीत येते. वीर धरणातून सुटलेले नीरेचे पाणी नीरा-नरसिंहपूरला भीमेत येते. आणि दोन्ही मिळून पुंडलिकरायांच्या मंदिराला वेढा घालतात. म्हणून डोक्यावरचे आभाळ पाहून नदीत उतरू नये. उजनी आणि वीरमधून काय सोडले आहे ते विचारावे, आणि पोलीस पात्राबाहेर थांबा म्हणत असतील तर पायरीवरच चार थेंब डोक्याला लावून कळसाला हात जोडावेत. स्नान चुकल्याने वारी खंडत नाही.

पिशवीचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या बायाबहिणींना माझ्यापेक्षा चांगले समजते. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पुस्तक, शाळेचे दाखले प्लास्टिकमध्ये; रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आठ दिवस पुरतील इतक्या; बॅटरी, काडेपेटी, शिट्टी, दोर; भाकरीचे पीठ, चटणी, गूळ-शेंगदाणे. निघताना विजेचे मुख्य बटण बंद आणि सिलिंडर बंद. पुरानंतर पाणी उकळून किंवा मेडिक्लोर घालूनच प्यावे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८. हे दोन आकडे भिंतीवर, लहान पोराला वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावेत.

पण पिशवी आपल्या घरापुरती भरून दार लावून घेतले तर ती तयारी भित्र्याची. ओढ्याकाठी पालात किंवा कुडाच्या घरात राहणारे मजूर कुटुंब कोणती पिशवी भरणार? त्यांच्या घरी आठ दिवसांचे पीठच नसते. ज्याचे घर उंचावर आहे, ज्याच्या घरावर स्लॅब आहे, त्याने त्या कुटुंबाला मे महिन्यातच जाऊन सांगून ठेवावे की पाणी आले की आमच्या माडीवर यायचे, विचारायला थांबायचे नाही. हे आधी सांगणे फार मोलाचे. ऐन वेळी गरीब माणूस कोणाच्या दारात जायला बिचकतो आणि त्या बिचकण्यातच वेळ जातो. जातीपातीची आडकाठी मनात असेल तर तीही त्याच महिन्यात काढून टाकावी; वाळवंटात आपण एकमेकांच्या पायाला लागतो, माडीचा जिना त्याहून सोपा आहे.

आणि या कामाला गावात आयती मंडळी आहे, ती म्हणजे आपले भजनी मंडळ. काकड्याला पहाटे उठणारे हेच, संध्याकाळी हरिपाठाला जमणारे हेच, देवळाच्या कर्ण्याची किल्ली असते तीही यांच्यापाशीच. कोणाच्या घरी कोण एकटे आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची सून बाळंतपणाला आली आहे, हे तलाठ्याच्या वहीत नसते. टाळकऱ्यांना तोंडपाठ असते. तेवढे एका वहीत उतरवून काढावे आणि प्रत्येक नावापुढे बोलवायला जाणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. दिंडीत चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ती शिस्त आपल्या अंगात मुरलेली आहे, दुसऱ्या कुठल्या संघटनेला ती विकत आणता येणार नाही.

यात एक गाठ आपल्यालाच सोडवायची आहे. पेरणी उरकून गावातली धडधाकट माणसे वारीला निघतात, आणि नेमका तेव्हाच पावसाळा गावात शिरतो. मागे राहतात म्हातारी, लेकरे, जनावरे. पंढरीच्या वाटेवर आपण नाचत असतो आणि घरी नदी वाढत असते. म्हणून प्रस्थानाच्या आठ दिवस आधी, दिंडीचे सामान बांधताना, मागे राहणाऱ्यांचीही बैठक घ्यावी. वही कोणाकडे राहील, ट्रॅक्टर कोणाचा, आजीला उचलणारे दोघे कोण, हे नाव घेऊन ठरवावे. माळ्यावरची पिशवी सुनेला काढून दाखवावी. आणि निघण्याच्या सकाळी गोठ्यात जाऊन दाव्यांच्या गाठी पाहाव्यात. निरगाठ असेल तर सोडून सुरगाठ मारावी, आणि शेजारच्या पोराला बोलावून ती त्याला अंधारात, एका हाताने सुटते का, हे त्याच्याकडून एकदा करवून घ्यावे.